डावाचा मध्य (बुद्धिबळ)

डावाचा मध्य (मिडल गेम) हा बुद्धिबळाच्या डावातील सुरुवात आणि अंत यांच्या दरम्यानचा टप्पा होय. दोन्ही बाजूंचे बहुतेक मोहरे मूळ घरांवरून बाहेर आले आणि राजे, बहुधा किल्लेकोट करून, सुरक्षित झाले की हा टप्पा सुरू झाला असे मानतात. वजीर व इतर बरेच मोहरे पटावरून गेल्यावर डाव अंताकडे झुकतो. या टप्प्याची सीमा ठरावीक चालीने आखता येत नाही. काही डाव मध्यातच संपतात, तर काहींत वजिरांची लवकर मारामारी होऊन मध्य जवळजवळ येतच नाही.

सुरुवातीच्या चाली पाठ करता येतात आणि अंतातील अनेक स्थितींचे निकाल पूर्वीच निश्चित झालेले आहेत. मध्यात मात्र खेळाडूला स्वतः स्थिती पारखून योजना आखावी लागते. पाठ केलेल्या चाली संपल्यावर ‘आता काय खेळावे?’ हा प्रश्न नवशिक्या खेळाडूला येथेच पडतो. त्याचे उत्तर बहुधा पटावरील प्याद्यांच्या रचनेत दडलेले असते.

या लेखात उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच ही नावे आणि आडव्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ हे अंक दिले आहेत.

व्यूहरचना आणि डावपेच

व्यूहरचना म्हणजे दीर्घ पल्ल्याची योजना, तर डावपेच म्हणजे थोड्या चालींत मोहरा जिंकण्याची किंवा मात करण्याची युक्ती. एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला करणे, मोहरा जखडणे, एक मोहरा हलवून मागच्या मोहऱ्याचा मारा मोकळा करणे हे नेहमीचे डावपेच होत. नवशिक्यांचे बहुतेक डाव व्यूहरचनेच्या चुकीपेक्षा एखादा मोहरा विनासंरक्षण ठेवल्यामुळे हातचे जातात. त्यामुळे योजना कितीही चांगली असली, तरी प्रत्येक चालीपूर्वी दोन्ही बाजूंचे शह, मारामारी आणि धमक्या तपासणे आवश्यक ठरते. अशी तातडीची गोष्ट स्थितीत नसेल, तेव्हा व्यूहरचनेचा विचार सुरू होतो.

स्थितीचे मूल्यमापन

योजनेपूर्वी स्थितीची पारख करावी लागते. त्यासाठी साधारणपणे पुढील बाबी पाहतात.

बळ : प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५ आणि वजीर ९ असे स्थूल मूल्य धरून दोन्ही बाजूंची बेरीज करतात. हे मूल्य मार्गदर्शक असते. कोंडलेला हत्ती पटाच्या मध्यभागी भक्कम बसलेल्या घोड्यापेक्षा कमी उपयोगाचा ठरू शकतो.

राजाची सुरक्षितता : राजापुढील प्यादी जागेवर आहेत का आणि त्याच्याकडे जाणाऱ्या पट्ट्या व कर्णरेषा खुल्या आहेत का, हे पाहतात.

मोहऱ्यांची क्रियाशीलता : हत्तीला खुली पट्टी, उंटाला मोकळा कर्ण आणि घोड्याला शत्रूच्या प्याद्याने हुसकावता न येणारे पुढचे घर लाभदायक असते. आपली प्यादी ज्या रंगाच्या घरांवर अडकली आहेत, त्याच रंगाच्या घरांवरून फिरणारा उंट सहसा निष्प्रभ राहतो.

प्याद्यांची रचना : प्यादे मागे येत नाही. म्हणून त्याची चाल कायमची असते आणि तिने निर्माण झालेले दौर्बल्यही बहुधा टिकाऊ असते. शेजारच्या पट्ट्यांवर आपले प्यादे नसलेले ते एकाकी प्यादे. एकाच पट्टीवर एकामागे एक आलेली ती दुहेरी प्यादी. सोबतची प्यादी पुढे गेल्याने त्यांचा आधार न उरलेले आणि पुढे सरकवणे अवघड झालेले ते मागे पडलेले प्यादे.

रचनेतून योजना : एक उदाहरण

वजिराच्या प्याद्याने सुरू होणाऱ्या डावांत पुढील क्रम नेहमी आढळतो : १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी४ वरील प्यादे डी५ वर मारते, ई६ वरील प्यादे ते परत मारते ५. उंट जी५ सी६ ६. ई३. यानंतर वजिराच्या बाजूला पांढऱ्याची ए२ व बी२ ही दोन, तर काळ्याची ए७, बी७ व सी६ ही तीन प्यादी उरतात. सी पट्टी पांढऱ्यासाठी आणि ई पट्टी काळ्यासाठी अर्धखुली असते.

दोन प्याद्यांनी तिघांवर चाल करून जाणे वरवर पाहता चुकीचे वाटते, पण पांढऱ्याची प्रसिद्ध योजना नेमकी तीच आहे. राजाला किल्लेकोटात नेऊन तो हत्ती बी१ वर आणतो आणि प्यादे बी४ व पुढे बी५ वर सरकवतो. काळ्याने ए६ खेळून अडवल्यास ए४ या चालीचा आधार घेतो. बी५ वर प्यादे पोहोचल्यावर काळ्यापुढे तीन मुख्य पर्याय राहतात. त्याने बी५ वर मारले, तर डी५ चे प्यादे एकाकी पडते. सी५ खेळला, तर पांढरा डी४ वरून तेथे मारतो आणि डी५ पुन्हा एकाकी पडते. काही न करता थांबला, तर पांढरा सी६ वर मारतो. काळ्याने बी७ च्या प्याद्याने परत मारल्यावर सी६ चे प्यादे मागे पडते आणि पांढऱ्याचे हत्ती सी पट्टीवरून त्यावर दाब आणतात. या योजनेला अल्पसंख्य प्याद्यांचा हल्ला म्हणतात.

काळ्याची योजनाही रचनेतूनच सुचते. तो हत्ती ई८ वर आणतो, घोडा ई४ वर रोवतो आणि राजाच्या बाजूला हल्ला चढवतो. वजिराच्या बाजूने येणाऱ्या पांढऱ्याच्या हल्ल्याला केवळ बचावाने तोंड देत राहिल्यास त्याची स्थिती हळूहळू आवळली जाते. एकाच रचनेत दोन्ही खेळाडूंना वेगवेगळे काम मिळते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

सर्वसाधारण तत्त्वे

स्थितीत निकडीचे काही नसेल, तर आपला सर्वांत वाईट जागी असलेला मोहरा शोधून त्याला चांगले घर द्यावे. बळात पुढे असलेल्या खेळाडूने मोहऱ्यांची अदलाबदल करावी, पण प्यादी शक्यतो राखावीत. जागेची कोंडी झालेल्या खेळाडूलाही अदलाबदल सोयीची पडते. बाजूने आलेल्या हल्ल्याला मध्यभागी प्रतिहल्ला हे अनेकदा प्रभावी उत्तर ठरते. खुल्या पट्टीवरून हत्ती प्रतिस्पर्ध्याच्या सातव्या पट्टीत घुसला, तर तो प्याद्यांना आणि राजाला एकाच वेळी जाचतो. ही तत्त्वे नियम नव्हेत. प्रत्यक्ष चालींचा हिशेब त्यांच्या विरुद्ध जात असेल, तर हिशेबच प्रमाण मानावा.

या विचाराचा इतिहास मोठा आहे. फ्रान्सच्या फिलिडोरने १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्याद्यांच्या रचनेला महत्त्व दिले. १८८६ मध्ये पहिला अधिकृत विश्वविजेता ठरलेल्या विल्हेल्म स्टाइनिट्झने लहान लहान फायदे साठवण्याची आणि पुरेसे कारण असल्याशिवाय हल्ला न करण्याची शिकवण रुजवली. पुढे ॲरन निम्झोविचने प्याद्याची वाट अडवणे आणि प्रतिस्पर्ध्याची योजना आधीच रोखणे या कल्पनांची मांडणी केली.

देशी पद्धत आणि महाराष्ट्र

पारंपरिक भारतीय बुद्धिबळाच्या बहुतेक प्रकारांत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नसे, त्याऐवजी अनेक ठिकाणी राजाला एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. त्यामुळे प्याद्यांच्या फळ्या सावकाश भिडत आणि पाठ केलेल्या सुरुवातीला फारसा वाव नसे. या पद्धतीत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान सुरुवातीच्या ज्ञानात कच्चा असूनही १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता झाला. मध्य आणि अंत यांतील प्रभुत्व हे त्याचे बळ होते.

महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या खेळाला संस्थात्मक आधार देणाऱ्यांत सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचे नाव अग्रभागी आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये त्याची स्थापना केली. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह विभागून मिळवले. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिला बुद्धिबळाचा पाया घातला. रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाले. पुढील काळात पुण्याचे अभिजित कुंटे, नाशिकचे विदित गुजराथी आणि २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी ही परंपरा पुढे नेली.

नवशिक्यांच्या चुका आणि अभ्यासपद्धती

प्रत्येक चालीला योजना बदलणे, प्रतिस्पर्ध्याला सहज दिसेल अशी एका चालीची धमकी देत राहणे, शक्य आहे म्हणून मारामारी करणे, निम्मे मोहरे मूळ घरांवर असताना वजिराने एकट्याने हल्ला चढवणे आणि किल्लेकोटापुढील प्यादी कारणाशिवाय ढकलणे या नेहमीच्या चुका होत. आपल्याच योजनेत गुंतून प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या चालीचा हेतू न पाहणे ही त्यांतील सर्वांत महागडी चूक ठरते.

अभ्यासासाठी आपले डाव लिहून ठेवणे उपयुक्त असते. डाव संपल्यावर पाठ केलेल्या चाली कोठे संपल्या, त्या क्षणी प्याद्यांची रचना कशी होती आणि आपण कोणती योजना निवडली, हे तपासावे. संगणकाची मदत घेण्यापूर्वी स्वतःचे उत्तर लिहिल्यास चूक विचारात होती की हिशेबात, हे कळते. एका वेळी एकच रचना निवडून तिच्यातील नामवंत खेळाडूंचे काही डाव टिपणांसह खेळून पाहावेत आणि सोबत डावपेचांची कोडी नियमित सोडवावीत. पट व सोंगट्यांचा एक संच, वही आणि पेन्सिल एवढ्या साधनांवर हा अभ्यास करता येतो.