शून्याची नोंद



जरीच्या या सुरत नगरीत सोन्याचे मोल वेगळे सांगावयास नको. आज मात्र अशा एका सोन्याच्या खाणीविषयी बोलावयाचे आहे, जिथून काही शास्त्रज्ञांनी शून्य वर आणले.

१८९७ मध्ये टॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचे अस्तित्व सिद्ध केले आणि अणूचे अविभाज्यत्व संपले. १९३० मध्ये पाउली यांनी न्यूट्रिनोची कल्पना मांडली; १९५६ मध्ये तो अणुभट्टीजवळ सापडला. परंतु विश्वकिरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रिनो निर्माण होतात, ते कोणास दिसले नव्हते. भूपृष्ठावर म्युऑन कणांच्या वर्षावात त्यांची खूण हरवून जाई.

म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधक कोलारच्या खाणीत उतरले. सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरणे दोन महिने जागी राहिली. एकही म्युऑन नोंदला गेला नाही. हताश व्हावे असे हे शून्य. पण त्यांना त्यातच वाट दिसली. वरून येणारे म्युऑन खडकात असे जिरून जात असतील, तर खोलवर आडवा जाणारा म्युऑन न्यूट्रिनोनेच शेजारच्या खडकात निर्माण केलेला असणार. १९६५ मध्ये ओसाका व डरहॅम येथील सहकाऱ्यांसह त्यांना तो सापडला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील खाणीत राइन्स यांच्या गटालाही.

२००१ मध्ये कोलारची खाण बंद पडली. विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगवहीत प्रामाणिकपणे आलेले शून्य कधी खोडू नका.