नियतकालिकांची जात आणि इतिहासाची साक्ष

इतिहासाचा नवा अभ्यासक जुन्या ग्रंथसंग्रहालयांत जातो आणि ग्रंथपालाकडे ‘त्या काळचीं पत्रें’ मागतो. दैनिक, साप्ताहिक, मासिक, त्रैमासिक हा भेद त्याच्या मनांत नसतो. कागद पिवळा पडला, कीं त्यावरील सारा मजकूर सारखाच विश्वासार्ह, अशी त्याची भाबडी समजूत असते. न्यायालयांत मात्र साक्षीदार पुढें आला, कीं प्रथम त्याचें नांव, गांव आणि धंदा विचारतात. साक्ष मागाहून ऐकतात. नियतकालिकांसही हाच न्याय लावला पाहिजे.

मराठी वृत्तपत्रांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ पत्रापासून झाला. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत त्याचा पहिला अंक निघाला. प्रथम तें पाक्षिक होतें. त्याच वर्षीं साप्ताहिक झालें. पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं असे. म्हणजे एतद्देशीय व साहेब असे दोन्ही वाचक संपादकाच्या डोळ्यांपुढें होते. १८४० सालीं तें पत्र बंद पडलें. त्याच वर्षीं बाळशास्त्र्यांनीं ‘दिग्दर्शन’ हें मासिक काढलें आणि त्यांत शास्त्रीय व ऐतिहासिक विषयांस स्थान दिलें. काय घडलें तें वृत्तपत्रानें सांगावें आणि काय जाणावें तें मासिकानें सांगावें, ही वांटणी अशी आरंभींच दिसूं लागते.

साप्ताहिकाचें बळ त्याच्या तारखेंत असतें. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रांत १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नांवानें पत्रें येऊं लागलीं. तीं लिहिणारे गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकर होते. आज तीं पत्रें ग्रंथरूपानें वाचावयास मिळतात; परंतु ग्रंथांत त्यांचा मूळचा शेजार नाहींसा होतो. त्या आठवड्यास गांवांत कोणती चर्चा चालली होती आणि पत्राच्या बाजूस काय छापलें होतें, हें मूळ अंकाच्या पानावरच दिसतें.

मासिकाची प्रकृति निराळी. १८६७ सालीं निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकांत अनेक हातांचे लेख आढळतात. उलट १८७४ सालीं सुरू झालेली ‘निबंधमाला’ म्हणजे मुख्यतः एकट्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांची लेखणी. पहिल्यावरून विद्वानांच्या मंडळींत कोणते विषय चालत होते तें कळतें. दुसरीवरून एका तेजस्वी माणसाचें मत कळतें. त्या एका मतास साऱ्या महाराष्ट्राचें मत म्हणणें ही चूक होय. १८७८ सालीं पुण्यास निघालेला ‘काव्येतिहाससंग्रह’ तर तिसऱ्याच जातीचा. जुनें काव्य, बखरी व पत्रें छापून तीं नाशापासून वांचवावीं, हा त्याचा हेतु होता. पुढें १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें आणि मंडळाच्या त्रैमासिकानें तो मार्ग विस्तारला. अशा नियतकालिकांत छापलेला मूळ कागद आणि त्यावरील संपादकाची टीप हीं दोन्ही वेगवेगळीं तोलावीं लागतात.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा नव्हे. त्यावर कोणाची साक्ष इतिहासांत पोंचते हें अवलंबून असतें. सत्यशोधक विचाराचें ‘दीनबंधु’ हें पत्र कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलें. १८८० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें हातीं घेऊन मुंबईस नेलें. १८८४ सालीं लोखंड्यांनीं गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि आठवड्यास एक सुटी व दुपारीं अर्धा तास विसांवा मागितला. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. ज्या पत्रानें हा पक्ष मांडला, त्याचे जुने अंक आज अत्यंत दुर्मिळ आहेत. सुस्थितींत राहिलेल्या पत्रांवरच जो विसंबेल, त्यास ज्यांचे अंक जपले गेले तेवढेच लोक बोलत होते, असें वाटेल.

अशा वेळीं एक विलक्षण साधन उपयोगी पडतें. देशी पत्रांत काय छापलें जातें याचा इंग्रजी सारांश मुंबई सरकारचे भाषांतरकार आठवड्याच्या आठवड्यास तयार करीत. नष्ट झालेल्या कित्येक अंकांचा मागमूस आतां तेवढाच उरला आहे. परंतु तो सारांश म्हणजे मूळ पत्र नव्हे. सरकारास ज्याची चिंता वाटली तें त्यांत आलें. जें निरुपद्रवी वाटलें तें गळलें. मराठीची धार भाषांतरांत बोथट झाली ती निराळीच. ही गाळणी ध्यानांत ठेवूनच त्याचा उपयोग केला पाहिजे.

यास्तव नियतकालिक हातीं येतांच अभ्यासकानें आधीं त्यासच कांहीं प्रश्न विचारावे. तें किती दिवसांनीं निघत असे? त्याचा खर्च कोण सोशी? तें कोणासाठीं लिहिलें जाई? लेखकानें स्वतःचें नांव दिलें कीं झांकलें? आणि हा अंक आजवर कोणीं जपला? या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावरच त्यांतील मजकुरास पुरावा म्हणावें. आणि ज्या पत्राचा अंक सांपडला नाहीं, त्याची जागा टिपणवहींत कोरी सोडावी. तेथें बोलणारा कोणी होता, याची आठवण ती कोरी जागाच देत राहील.