मनिलाच्या रंगभूमीवरील राम

'रामा, हारी' हे नाटकाचे नाव आम्ही प्रथम वाचले तेव्हा कानात साहजिकच वारीतला नामघोष घुमला. मराठी वाचकाचे बहुधा असेच होईल. परंतु तागालोग भाषेत 'हारी' म्हणजे राजा. 'राम, राजा' एवढाच त्या नावाचा सरळ अर्थ. नामघोषातून राजसत्तेकडे नेणारा हा छोटासा धक्का आम्हांला या संगीत नृत्यनाट्याच्या इतिहासाकडे घेऊन गेला.

१९८० साली मनिला येथील फिलिपिन्सच्या सांस्कृतिक केंद्रात 'रामा, हारी' प्रथम रंगमंचावर आले. संहिता व गीते बिएनवेनिदो लुम्बेरा यांची, संगीत रायन कायाब्याब यांचे, नृत्यरचना ॲलिस रेयेस यांची, तर नेपथ्य व वेशभूषा साल्वादोर बर्नाल यांची. रॉक संगीत आणि बॅले यांचा त्यात मेळ होता. एकाच पात्रासाठी गाणारा वेगळा आणि नाचणारा वेगळा अशी योजना होती. बासिल वाल्देस यांनी रामाची आणि कू लेदेस्मा यांनी सीतेची गीते गायिली. पुढे या चारही निर्मात्यांना 'राष्ट्रीय कलावंत' हा फिलिपिन्सचा सर्वोच्च कलासन्मान मिळाला.

आता काळाकडे पाहू. १९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. तो औपचारिकपणे उठला जानेवारी १९८१ मध्ये. म्हणजे हे नाटक त्या काळाच्या ऐन छायेत उभे राहिले. ज्या वास्तूत ते झाले ती इमेल्डा मार्कोस यांच्या पुढाकाराने उभारलेली, १९६९ मध्ये उघडलेली, राजवटीच्या सांस्कृतिक वैभवाची खूणच. आणि संहिता लिहिणारा कवी? लुम्बेरा लष्करी कायद्यानंतर भूमिगत झाले होते आणि १९७४ मध्ये पकडले जाऊन त्यांनी त्याच राजवटीचा तुरुंगवास भोगला होता.

या विसंगतीचा अर्थ कसा लावायचा? रावण म्हणजे मार्कोस असे समीकरण मांडणे सोपे आहे. आम्हांला ते फारच सोपे वाटते. शिवाय तसे केल्याने महाकाव्याचे निव्वळ कोडे होऊन बसते. मिथक ही केवळ विरोधकांचीच मिरास नसते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. बांबू दुभंगून त्यातून पहिला पुरुष 'मलाकास' आणि पहिली स्त्री 'मगांदा' बाहेर आली, अशी फिलिपिन्समध्ये उत्पत्तिकथा आहे. मार्कोस दांपत्याने स्वतःची चित्रे याच आदिदांपत्याच्या रूपात काढवून घेतली होती. राष्ट्राच्या उगमाची कथाच सत्तेने अशी अंगाखांद्यावर मिरवल्यावर कवीने कोणत्या कथेकडे जावे?

लुम्बेरा यांच्या पूर्वतयारीकडे पाहिले तर या प्रश्नाच्या उत्तराची दिशा सापडते. ते तागालोग काव्याच्या इतिहासाचे अभ्यासक होते. त्या परंपरेतील शिखरकृती म्हणजे फ्रान्सिस्को बालागतास यांचे 'फ्लोरान्ते आत लाउरा' (१८३८). ते घडते दूरच्या अल्बानिया देशात. ग्रीक पुराणातील ईडिपस, अपोलो, अप्सरा आणि सूडदेवता त्यात पदोपदी येतात. तरीही पिढ्यान् पिढ्या वाचकांनी त्यात स्पॅनिश अमलाखालील स्वतःच्याच भूमीचे दुःख वाचले. परक्या नावांच्या आडून आपले सांगण्याची रीत तागालोग काव्यात अशी मुरलेली होती. १९७७ मध्ये लुम्बेरा आणि रेयेस यांनी 'टेल्स ऑफ द मनुवु' या नृत्यनाट्यात मिंदानाओच्या आदिवासींच्या कथा रंगमंचावर आणल्या होत्या. देशी मिथकानंतर त्यांनी रामकथेला हात घातला, हा क्रम आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

रामकथा तेथे पूर्ण परकी होती असेही नाही. मिंदानाओतील मुस्लिम मारानाओ समाजात 'महाराडिया लावाना' ही रावणाची कथा मौखिक परंपरेने चालत आली होती. संस्कृतज्ञ हुआन फ्रान्सिस्को यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती अभ्यासकांपुढे आणली. तिच्यात राजकन्या जिंकण्यासाठी धनुष्यभंग नाही, वेताचा चेंडू पायाने उडवण्याची स्पर्धा आहे. सुवर्णमृगाच्या जागी सोन्याच्या शिंगांचा बोकड आहे. 'लक्षमाना' हे नाव तर तेथे वानराला मिळाले आहे! भाषेतही हे जुने देणे टिकून आहे: तागालोगमध्ये शिक्षकाला 'गुरो' म्हणतात, मुखाला 'मुखा' आणि आशेला 'आसा'.

या पार्श्वभूमीवर नाटकातील गीतांकडे पाहावे. त्यांपैकी 'मागबालिक का ना, महाल' (परत ये, प्रिये) हे विरहगीत नाटकाबाहेर पडले आणि ज्यांनी 'रामा, हारी' कधी पाहिले नाही त्यांच्याही ओठांवर बसले. ज्या देशात माणसे तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होती तेथे 'परत ये' या दोन शब्दांचा अर्थ केवळ अशोकवनापुरता राहिला असेल, असे आम्हांला वाटत नाही. हा अर्थ कवीने योजला होता की श्रोत्याने भरला, हा वाद येथे गौण आहे. विरहाची जागा संहितेने मोकळी ठेवली, हे महत्त्वाचे.

२०१२ आणि २०२३ मध्ये नाटकाचे पुनरुज्जीवन झाले. लुम्बेरा २०२१ मध्ये निवर्तले. मार्कोस यांचे चिरंजीव २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणजे दुसऱ्या पुनरुज्जीवनाच्या वेळी तेच आडनाव पुन्हा सत्तेवर होते. 'राम, राजा' हे शीर्षक त्या प्रेक्षकांनी कसे वाचले असेल?

आम्ही वर्गात रामायणाच्या परंपरा शिकवतो तेव्हा जावा आणि थायलंडपाशी थांबतो. मूळ कथा कोणाची, हा प्रश्न आपल्याला इतका प्रिय की ती दुसऱ्या कोणाच्या दुःखाला उपयोगी पडली का, हे विचारायचेच राहून जाते. मनिलाच्या रामाने आम्हांला हा दुसरा प्रश्न दिला आहे. यंदा तो विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा विचार आहे.