खरवडलेल्या डांबराचा ड्राइव्हवे: बांधणी, सीलिंग आणि निगा

रस्त्याचे नूतनीकरण करताना जुना डांबरी थर यंत्राने खरवडून काढतात. फिरत्या ड्रमवर बसवलेले टंगस्टन कार्बाइडचे दात तो थर सोलतात आणि काळा, खडीमिश्रित चुरा डंपरमध्ये पडत जातो. हा चुरा म्हणजे टाकाऊ मलबा नव्हे. डांबरी रस्त्याच्या थरात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी व वाळू आणि सुमारे ५ टक्के बिटुमेन असते. थर जुना झाला तरी हे दोन्ही घटक त्यात शिल्लक राहतात. १९७३ च्या तेलसंकटात बिटुमेन महागले आणि अमेरिकेत या चुऱ्याचा पुनर्वापर मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. आज तिथे बहुतेक चुरा नव्या रस्त्यांच्या गरम मिश्रणात मिसळला जातो. उरलेला चुरा ग्रामीण भागात घराच्या फाटकापासून दारापर्यंतचा रस्ता, म्हणजे ड्राइव्हवे, करण्यासाठी वापरतात. भारतातही इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये डांबरी थरांच्या पुनर्वापरासाठी ‘आयआरसी १२०’ ही मार्गदर्शिका काढली आहे. फार्महाऊस, गोदाम, सोसायटीचे आवार अशा ठिकाणी हा पर्याय उपयोगी पडू शकतो.

हा चुरा घट्ट कसा होतो?

नुसती खडी अंथरली तर ती चाकांखाली सरकते आणि कडेला उडते. खरवडलेल्या चुऱ्यात मात्र प्रत्येक खड्यावर जुन्या बिटुमेनचा पातळ लेप असतो. उन्हाने तो मऊ होतो, रोलरच्या दाबाने खडे एकमेकांत बसतात आणि लेप एकमेकांना चिकटतात. हे एका दिवसात पूर्ण होत नाही. पुढचे काही महिने ऊन आणि वाहनांचे वजन यांमुळे थर आवळत जातो.

तरीही हा रस्ता गरम डांबरी रस्त्याइतका मजबूत होत नाही. जुन्या बिटुमेनचे वर्षानुवर्षे ऑक्सिडीकरण झालेले असते. त्यातील हलका, तेलकट अंश कमी झालेला असतो आणि ते कडक व ठिसूळ बनलेले असते. म्हणून या ड्राइव्हवेचे स्थान खडीचा रस्ता आणि पक्का डांबरी रस्ता यांच्या मध्ये आहे. धूळ आणि चिखल खडीच्या रस्त्यापेक्षा कमी, खर्च पक्क्या रस्त्यापेक्षा कमी आणि टिकाऊपणा दोन्हींच्या मधला.

माल घेताना काय पाहावे?

चांगला माल चाळलेला असतो. साधारण २० मिलिमीटरपर्यंतचे तुकडे आणि त्यांच्या फटी भरणारा बारीक चुरा असे मिश्रण नीट बसते. डांबराची मोठी ढेकळे, माती, विटांचे तुकडे किंवा गवताची मुळे असतील तर तो माल घेऊ नये. मूठभर चुरा उन्हात तापवून हातात दाबला आणि तो किंचित चिकटला, तर त्यातले बिटुमेन अजून कामाचे आहे असे समजावे. पांढरट, कोरडा चुरा पुढे खडीसारखाच वागतो.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एक जुनी फसवणूक चालते. ‘शेजारच्या कामातला माल उरला आहे, आजच स्वस्तात टाकून देतो’ असे सांगत अनोळखी ठेकेदार दारात येतो. पाया न करता पातळ थर पसरतो, रोख पैसे घेतो आणि निघून जातो. पहिल्या पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात तो थर उखडतो. थराची जाडी, पायाची खोली आणि मालाचे वजन लेखी घेतल्याशिवाय काम देऊ नये, हा यातला सोपा धडा.

किती माल लागेल?

समजा ड्राइव्हवे १५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि दाबल्यानंतर १० सेंटिमीटर जाड हवा आहे. क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर आणि घनफळ ४.५ घनमीटर होते. दाबलेल्या चुऱ्याचे वजन घनमीटरला साधारण २ टन धरले तर सुमारे ९ टन माल लागतो. सैल माल दाबल्यावर बसतो, म्हणून घनफळाने खरेदी करताना २० ते २५ टक्के जादा धरावे. या हिशेबात ते सुमारे साडेपाच घनमीटर होईल. शक्य असेल तिथे वजनकाट्याच्या पावतीवरच माल घ्यावा, कारण ट्रकमधला ढीग डोळ्यांना फसवतो.

पाया: खरे काम इथेच

ड्राइव्हवे खचतो तो बहुतेक वेळा वरच्या थरामुळे नव्हे, तर खालच्या जमिनीमुळे. गवत, मुळे आणि वरची भुसभुशीत माती पूर्ण काढावी लागते. महाराष्ट्रात ही बाब अधिक महत्त्वाची आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेला कोणताही थर तडकतो. अशा ठिकाणी जास्त खोल खोदून चांगला मुरूम थराथराने भरावा आणि दाबावा. कोकणातल्या जांभ्याच्या कठीण जमिनीवर हे काम तुलनेने सोपे असते.

कामाचा क्रम साधारण असा असतो:

१. आखणी करून खोदाई करावी. पाया आणि वरचा थर मिळून २५ ते ३० सेंटिमीटर जागा हवी.
२. खोदलेला तळ पाणी मारून रोलरने दाबावा. जमीन मऊ असेल तर त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. त्यामुळे खालची माती वर येऊन खडीत मिसळत नाही.
३. त्यावर लहानमोठ्या आकारांची मिश्र खडी १५ ते २० सेंटिमीटर जाडीत, दोन थरांत टाकून प्रत्येक थर वेगळा दाबावा.
४. उतार पायातच काढावा. वरचा थर कमीजास्त करून उतार साधला तर पातळ जागा आधी फुटते.

उतार मीटरला किमान २ सेंटिमीटर असावा. ३ मीटर रुंदीच्या वाटेत मधला भाग कडांपेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर उंच ठेवला की पाणी दोन्ही बाजूंना जाते. पाणी घराच्या जोत्याकडे वळता कामा नये. हा चुरा पाणी जिरवतो असे बरेचदा सांगितले जाते. नीट दाबलेल्या थरातून मात्र फारच थोडे पाणी खाली जाते, म्हणून कडेला चर किंवा गटार लागतेच.

चुरा अंथरणे आणि दाबणे

१० सेंटिमीटरचा थर एकदम टाकला तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. म्हणून सैल माल सहा ते साडेसहा सेंटिमीटर पसरून तो सुमारे पाचपर्यंत दाबावा आणि मग दुसरा थर टाकावा. चुरा किंचित ओला असला की खडे सरकून नीट बसतात आणि रोलरच्या चाकाला माल चिकटत नाही. लांब वाटेसाठी दोन-तीन टनांचा कंपन रोलर चांगला. कडा आणि कोपरे यांसाठी प्लेट कॉम्पॅक्टर लागतो. हाताचा दुरमुस फक्त छोट्या दुरुस्तीला पुरतो.

रोलर कडेकडून मध्याकडे चालवावा आणि प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा. कडांना आधार नसेल तर चाकांच्या वजनाने त्या फुटतात. दगडांची ओळ, काँक्रीटची पट्टी किंवा दाबलेल्या मुरुमाची साइडपट्टी यांपैकी काहीतरी द्यावे. काम तापलेल्या दिवशी करावे, कारण थंडीत जुने बिटुमेन मऊ होत नाही.

माल चिकटावा म्हणून त्यावर डिझेल किंवा रॉकेल शिंपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती टाळावी. डिझेल बिटुमेनला विरघळवते, थर काही काळ मऊ आणि कमजोर राहतो आणि पावसाबरोबर तेल जमिनीत व विहिरीत जाऊ शकते.

सील कशासाठी आणि कशाने?

सीलचा लेप वरचे सुटे खडे धरून ठेवतो, पाणी आत शिरू देत नाही आणि ऊन व हवेमुळे होणारे ऑक्सिडीकरण मंदावतो. तो थराला ताकद देत नाही. खचलेल्या किंवा हलणाऱ्या थरावर सील मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

इथे ‘डांबर’ या शब्दाचा घोळ समजून घेणे गरजेचे आहे. मराठीत आपण दोन वेगळ्या पदार्थांना डांबर म्हणतो. एक आहे कोळशापासून कोक बनवताना मिळणारे कोलटार, ज्यापासून नॅप्थलीनच्या डांबरगोळ्याही बनत आल्या. दुसरे आहे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे बिटुमेन. आजचे रस्ते बिटुमेनचे असतात. दिसायला दोन्ही काळे असले तरी आरोग्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे.

कोलटारमध्ये पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगे भरपूर असतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अभ्यासांनुसार कोलटारच्या सीलरमध्ये त्यांचे प्रमाण बिटुमेनच्या सीलरपेक्षा साधारण हजारपट असते. चाकांनी झिजलेला लेप धूळ होऊन घरात येतो आणि पावसाबरोबर ओढ्यात जातो. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ पासून अशा सीलरवर बंदी घातली. अशी बंदी घालणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये राज्यभर बंदीचा कायदा केला. जिथे मुले अंगणात रांगतात, खेळतात तिथे तर कोलटारचा लेप नकोच. डब्यावर कोलटार असा उल्लेख असल्यास तो घेऊ नये.

जुन्या रस्त्यातही कोलटार असू शकते. नेदरलँड्समध्ये काही जुन्या थरांत ते आढळते, म्हणून असा माल वेगळा काढून जाळून शुद्ध करतात. तिथे तपासणीसाठी एक पांढरा फवारा वापरतात. कोलटार असेल तर तो पिवळट-तपकिरी होतो.

सील करण्याची पद्धत

या कामाला बिटुमेन इमल्शन योग्य ठरते. यात बिटुमेनचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात, त्यामुळे ते तापवावे लागत नाही. भारतात ते आयएस ८८८७ या मानकानुसार मिळते आणि अशा पातळ लेपासाठी सावकाश घट्ट होणारा ‘एसएस-१’ हा प्रकार वापरतात.

अंथरल्यावर लगेच सील करू नये. आधी काही आठवडे वाहने चालू द्यावीत, म्हणजे कुठे खचते आणि कुठे पाणी साचते ते कळते. महाराष्ट्रात फेब्रुवारीत अंथरणे, मार्च-एप्रिलच्या उन्हात थर आवळू देणे आणि मेच्या पूर्वार्धात सील करणे हे सोयीचे वेळापत्रक आहे.

खड्डे भरून पृष्ठभाग झाडून धूळमुक्त करावा. इमल्शन आणि पाणी समप्रमाणात मिसळावे. पाणी इमल्शनमध्ये ओतावे, इमल्शन पाण्यात नव्हे, नाहीतर मिश्रण फाटू शकते. फवारा-पंपाने चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर असा पातळ हात द्यावा. पृष्ठभाग खडबडीत असेल तर पहिला हात सुकल्यावर दुसरा द्यावा. एकच जाड हात दिला तर तो निसरडा होतो. लावताना लेप तपकिरी दिसतो. पाणी वेगळे होऊन उडून गेले की तो काळा होतो. तोवर त्यावर चालू नये आणि वाहने किमान एक दिवस दूर ठेवावीत. तापमान १० अंशांच्या वर असावे आणि पुढच्या २४ तासांत पावसाची शक्यता नसावी. ओला लेप ओढ्यात किंवा विहिरीजवळ वाहू देऊ नये.

निगा

पहिल्या उन्हाळ्यात गाडी उभी करून स्टिअरिंग फिरवू नये. मऊ थर तिथेच उकलतो. इंजिन ऑइल किंवा पेट्रोल सांडले तर लगेच वाळू टाकून पुसून घ्यावे, कारण ते बिटुमेन विरघळवते. भेगेत उगवलेले गवत लहान असतानाच उपटावे. खड्डा पडला तर सैल भाग काढून नवा चुरा भरावा आणि उन्हात दाबावा. तो जुन्या थराला चिकटतो, म्हणूनच थोडा माल बाजूला राखून ठेवणे फायद्याचे. पृष्ठभाग राखाडी पडू लागला आणि खडे सुटू लागले की पुन्हा सीलची वेळ आली असे समजावे. दरवर्षी लेप चढवत राहिल्याने मात्र जाड पापुद्रा तयार होतो आणि तोच पुढे सोलपटतो.