निर्दोष सुटलात? आता बिल भरा!

आजचा विषय आहे अमेरिकेतला एक विमा. गाडीचा नाही, आरोग्याचाही नाही. 'उद्या मी स्वतःला वाचवायला कोणावर गोळी झाडली, तर वकिलाचे पैसे कोण देणार?' याचा विमा! दर महिन्याला ठरावीक डॉलर भरायचे आणि कार्ड पाकिटात ठेवायचं. ही गरज लोकांना का वाटली, ते बघू.

२२ डिसेंबर १९८४. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे. चार कृष्णवर्णीय तरुणांपैकी एकाने बर्नहार्ड गेट्झ या गोऱ्या प्रवाशाकडे पाच डॉलर मागितले. गेट्झने रिव्हॉल्व्हर काढलं आणि चौघांवरही गोळ्या झाडल्या. चौघे वाचले, पण एक जण कमरेखाली कायमचा लुळा झाला. हे आपल्याला लुटणार असं वाटलं, हा गेट्झचा बचाव. १९८७ मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडलं. शिक्षा झाली ती फक्त विनापरवाना शस्त्र बाळगल्याची.

संपलं प्रकरण? छे! त्या जखमी तरुणाने दिवाणी दावा लावला होता. १९९६ मध्ये दुसऱ्या ज्युरीने गेट्झला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. एवढे पैसे त्याच्याकडे होते कुठे? त्याने दिवाळखोरी जाहीर केली.

घटना एक, निकाल दोन. असं कसं? फौजदारी खटल्यात गुन्हा रास्त संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत पारडं जरासं एका बाजूला झुकलं तरी पुरतं. म्हणजे तुरुंगातून सुटलेला माणूसही घरदार गमावू शकतो.

आता खर्च बघा. आधी जामीन, मग वकील, तज्ज्ञ साक्षीदार, बुडालेला पगार. १९६३ च्या गिडियन खटल्यापासून गंभीर फौजदारी गुन्ह्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. दिवाणी दाव्यात मात्र तसा हक्क नाही. श्रीमंताला चिंता नाही. अडकतो तो मधला माणूस, ज्याच्याकडे घर आहे, थोडी बचत आहे, पण वर्षभर वकील पोसायची ऐपत नाही.

याच मधल्या माणसाकडे पुढे बंदुका वाढल्या. १९८७ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला की, अटी पूर्ण करणाऱ्याला लपवून शस्त्र बाळगायचा परवाना द्यायलाच हवा. मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. परवानेधारक वाढले, तशी त्यांची भीती विकत घेणारी बाजारपेठही तयार झाली. २००३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये यूएससीसीए ही सदस्य संघटना सुरू झाली. २००८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात सदस्यांच्या वर्गणीतून बचाव निधी उभारणारी आणखी एक संस्था आली. २०१७ मध्ये तर एनआरए, म्हणजे बंदूकधारकांची सगळ्यात बलाढ्य संघटना, 'कॅरी गार्ड' घेऊन उतरली.

आणि इथे खरी गोची झाली. विम्याचं जुनं तत्त्व काय? अपघाताला भरपाई, मुद्दाम केलेल्या कृत्याला नाही. पण स्वसंरक्षणात झाडलेली गोळी मुद्दामच झाडलेली असते! टीकाकारांनी याला 'खुनाचा विमा' म्हटलं. न्यूयॉर्कच्या नियामकांनी हा विमा बेकायदा ठरवला आणि २०१८ मध्ये त्याचं काम पाहणाऱ्या लॉकटन कंपनीला ७० लाख डॉलर, तर विमा कंपनी चबला १३ लाख डॉलर दंड केला. एनआरएने २०२० मध्ये २५ लाख डॉलर भरून तडजोड केली.

शिवाय बारीक अक्षरं असतातच. आपण अ‍ॅप टाकताना 'आय अ‍ॅग्री' दाबतो, तसं इथे चालत नाही. कॅरी गार्डमध्ये फौजदारी बचावाचा थोडाच भाग आधी मिळायचा, उरलेला निर्दोष ठरल्यावर. पण वकील तर पहिल्या दिवसापासून लागतो ना!

मग विमा नसेल तर? २०२० मध्ये केनोशात दोघांना ठार मारणाऱ्या काइल रिटनहाउसचा २० लाख डॉलरचा जामीन देणग्यांतून भरला गेला. २०२१ मध्ये तो निर्दोष सुटला. पण त्याचं नाव देशभर गाजलं होतं. ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, त्याला देणगी कोण देणार?

तिसरा रस्ताही आहे, आणि तो या सगळ्या योजनांपेक्षा जुना आहे. वॉशिंग्टन राज्याचा कायदा सांगतो की, आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर निर्दोष सुटला आणि ज्युरीलाही तो दावा पटला, तर वकिलाचा रास्त खर्च आणि बुडालेली कमाई राज्याने द्यायची. खटला राज्याने भरला, तर बिलही राज्याने भरायचं. पैसे नंतर मिळतात आणि दिवाणी दावा यात येत नाही, हे खरंय. तरी मला हाच रस्ता जास्त न्याय्य वाटतो, कारण इथे पैसे निकाल बघून मिळतात, हप्ता भरला की नाही हे बघून नाही.

आणि त्या लुळ्या झालेल्या तरुणाला विसरू नका. कागदावर कोट्यवधी डॉलर जिंकूनही त्याच्यासमोर उभा होता एक दिवाळखोर. बंदूक घेणारा स्वतःच्या वकिलाची सोय करतो. पण गोळी चुकीच्या माणसाला लागली, तर त्याच्या औषधपाण्याची सोय कोण करणार? तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!