एका गुरूचे दोन शिष्य

भजनातली बाजाची पेटी आपण सर्वांनी पाहिली आहे. पियानो हे वाद्य तिच्याहून कितीतरी मोठे. त्याची पट्टी दाबली की आतली लहानशी हातोडी तारेवर पडते आणि सूर निघतो. दोन्ही हातांची दहाही बोटे त्यावर चालवावी लागतात. मग ही बोटे तयार कशी करावीत? पुष्कळ मेहनत करून, असे आपण चटकन म्हणू. पण मेहनत कशी करावी, हे एका जुन्या हकिकतीवरून पाहण्यासारखे आहे.

जर्मनीतील लाइपझिग शहरी फ्रीडरिश वीक नावाचा पियानोचा शिक्षक राहत असे. त्याची मुलगी क्लारा १८१९ साली जन्मली. पाचव्या वर्षी तिची तालीम सुरू झाली. पण बापाने तिच्यापुढे लगेच स्वरलिपीचे पुस्तक ठेवले नाही. आधी छोटे तुकडे कानाने ऐकून वाजवायचे, लिपी मागाहून. रोज एक तास शिकवणी, सुमारे दोन तास सराव, आणि मोकळ्या हवेत लांबवर फिरणे. मन ठिकाणावर नसताना तासन्‌तास बोटे आपटणे वीकला मुळीच पसंत नव्हते. १८२८ च्या ऑक्टोबरात, नऊ वर्षांची असताना, क्लारा लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात लोकांपुढे वाजवू लागली.

दुसरा शिष्य रॉबर्ट शूमान. हा कायद्याचा विद्यार्थी. १८३० साली, विसाव्या वर्षी, कायदा सोडून तो वीकच्या घरी राहायला आला. त्याच्या विधवा आईला वीकने पत्राने भरवसा दिला, की तीन वर्षांत मुलाला मोठा वादक करीन. पण शूमानला घाई फार. शिवाय १८३१ च्या सप्टेंबरात गुरुजी क्लाराला घेऊन दौऱ्यावर निघाले ते पॅरिसपर्यंत जाऊन १८३२ च्या मे महिन्यात परतले. याच सुमारास शूमानने बोटाला बळ यावे म्हणून एक यांत्रिक साधन वापरून पाहिले. उजव्या हाताचे मधले बोट सुधारले तर नाहीच, उलट कायमचे अधू झाले. ते साधनामुळे की आजारामुळे, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. वादक होण्याचे स्वप्न मात्र तिथेच संपले.

वीक काही देवमाणूस नव्हता. मुलीवर त्याचा कडक ताबा असे. तिचे शूमानशी लग्न होऊ नये म्हणून तो कोर्टापर्यंत भांडला. तरी १८४० च्या सप्टेंबरात ते लग्न झालेच. शूमान संगीतरचनाकार म्हणून नावारूपाला आला, आणि जे त्याची बोटे वाजवू शकली नाहीत, ते क्लाराने सभांतून वाजवले. १८५० साली शूमानने तरुण संगीतकारांसाठी काही नियम छापले. त्यांत कानाच्या तयारीला त्याने पहिला मान दिला आणि सूर न देणाऱ्या मुक्या पट्ट्या काही कामाच्या नाहीत, असे बजावले. हे कोण सांगतो आहे, ते ध्यानात घ्या. क्लारा पुढे १८७८ पासून फ्रँकफुर्टला शिकवू लागली आणि १८९१ पर्यंत, म्हणजे त्रेसष्ट वर्षे, लोकांपुढे वाजवीत राहिली.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्याकडे पलटे घोटणे काय किंवा पाढे घोकणे काय, गोष्ट एकच. ‘शंभर वेळा म्हण’ असे सांगणे सोपे असते. त्याऐवजी ‘आज हा एक सूर नीट लावायचा आहे’ असे सांगून बघा. तुकडा लहान घ्या, लय संथ ठेवा. कुठे चुकले ते मुलाने स्वतःच्या कानाने ओळखावे, मगच पुढे जावे. मूल दमले की खुशाल खेळायला सोडा. आणि मूल घरी एकटे कसा सराव करते, याची अधूनमधून चौकशी करा. शूमानकडे चिकाटीची वाण नव्हती. घाईच्या त्या दिवसांत त्याचा हात थांबवणारे जवळ कोणी नव्हते.