ग्रैव कशेरुकांवरील शस्त्रक्रियेची उपकरणे
मानेतील सात मणक्यांच्या, म्हणजे ग्रैव कशेरुकांच्या, नलिकेतून मेरुरज्जू जातो. निरोगी प्रौढात या नलिकेचा पुढून मागे मोजलेला व्यास खालच्या मानेत सुमारे १७ मिमी. असल्याने, उपकरण किती चांगले कापते यापेक्षा ते कोठे थांबते हे येथे अधिक महत्त्वाचे ठरते. राल्फ क्लोवर्ड या होनोलुलूतील चेताशल्यविशारदाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, मानेच्या पुढून चकती काढण्याच्या पद्धतीत छिद्रकाभोवती संरक्षक नळी बसवून छिद्राची खोली आधीच मर्यादित केलेली असे. हाड थोडेथोडे तोडणाऱ्या केरिसन चिमट्याची टोकाची पट्टी हाडाखाली सरकवावी लागते. ती जाड असल्यास आधीच दबलेल्या रज्जूवर आणखी दाब येतो आणि फार पातळ असल्यास वाकते किंवा तुटते, ही अडचण रचनाकारांना आजही पूर्णपणे सोडविता आलेली नाही. अतिवेगाने फिरणाऱ्या छिद्रकाचे हिरकणीयुक्त टोक दातेरी टोकापेक्षा कमी उसळते, पण जास्त तापते, म्हणून त्यावर सतत पाण्याची धार धरावी लागते. श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, कंपनांवर चालणारे अस्थिकर्तक कठीण हाड कापताना लवचिक ऊतींना तुलनेने कमी इजा करते; मात्र एकाच जागी दाबून धरल्यास तेही रज्जूचे आवरण भाजू किंवा फाडू शकते, म्हणून त्याला निर्धोक म्हणता येत नाही.